मासा दिसतो तिथे नसतो

एक रुंद, खोलगट टब घ्या. त्याच्या तळाशी एक नाणे ठेवा आणि दहा-बारा सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरा. संपलेल्या बॉलपेनची नळी पाच-सहा सें.मी. लांबीची कापून घ्या. ती दोन्ही बाजूंनी उघडी हवी. टबाच्या काठावर भिजवलेल्या कणकेचा गोळा चिकटवून त्यात ही नळी तिरपी रोवा. आता एक डोळा मिटून नळीतून पाहा आणि नाणे बरोबर मध्यभागी दिसेल अशा बेताने ती वळवा. नेम धरून झाला. नळी हलू न देता तिच्यातून सायकलचा एक सरळ स्पोक हळूच खाली सरकवा. तो नाण्याला लागेल असे तुम्ही पैजेवर सांगाल. पण तो नाण्याच्या वरून जातो आणि पलीकडे तळाला टेकतो.

शाळेत लेझर पॉइंटर असेल तर शिक्षकांनी आणखी एक गोष्ट करून दाखवावी. (मुलांनी पॉइंटर हाताळू नये, त्याचा किरण डोळ्यात जाणे धोक्याचे आहे.) स्पोक काढून त्याच नळीतून प्रकाशाचा किरण सोडायचा. तो मात्र नेमका नाण्यावर पडतो. ज्या वाटेने नाण्याकडून प्रकाश तुमच्या डोळ्याकडे आला, त्याच वाटेने तो परत गेला. वाट पाण्याच्या पृष्ठभागाशी मोडलेली आहे. प्रकाश त्या वळणावर वळतो, स्पोक बिचारा सरळच जातो.

हा प्रयोग मी दरवर्षी कॉलेजात करून दाखवतो. शहरातून आलेल्या मुलांना त्याचे नवल वाटते. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या भागांतील खेड्यांतून आलेली मुले, विशेषतः धीवरांची मुले, गालातल्या गालात हसतात. त्यांनी हा प्रयोग टबात केलेला नसतो, तलावात केलेला असतो.

माझा एक शाळासोबती धीवर आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी भौतिकशास्त्राकडे वळलो आणि तो वडिलांच्या डोंग्यावर गेला. आज तो गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे काम पाहतो. सुट्टीत मी गावी गेलो, की पहाटे आम्ही दोघे डोंगा घेऊन तलावावर जातो. मी कॉलेजात शिकवत असलो तरी त्याच्या लेखी ‘मास्तर’च आहे. आमच्याकडच्या झाडीबोलीत ‘ळ’चा पुष्कळदा ‘र’ होतो, म्हणून मासोळीची मासोरी होते. पहिल्या दिवशीच त्याने मला बजावले होते, “मास्तर, दिसते तेथं मारशील त हाती पानीच येईल. मासोरी खाली रायते.”

खाली म्हणजे किती खाली? ते आपण मोजू या.

पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. (तुमच्या आताच्या पुस्तकात वक्रीभवनाला अपवर्तन म्हटले असेल.) मासा अगदी तुमच्या पायाखाली असेल आणि तुम्ही सरळ वरून पाहत असाल, तर तो खऱ्या खोलीच्या पाऊण खोलीवर दिसतो. मासा ६० सें.मी. खोल असेल, तर दिसेल ४५ सें.मी. खोलीवर. फरक १५ सें.मी.चा. हे पाठ्यपुस्तकात असते. पण माशाच्या अगदी डोक्यावर जाऊन उभे राहिले तर तो थांबतो कशाला! मासेमार नेहमी दुरून, तिरपा पाहतो. आणि तिथे हिशेब पार बदलतो.

समजा, तुम्ही डोंग्यात बसला आहात आणि तुमचा डोळा पाण्यापासून ७५ सें.मी. उंच आहे. मासा ६० सें.मी. खोलीवर आहे. त्याच्याकडून येणारा किरण पाण्याबाहेर पडून लंबाशी ६० अंशांचा कोन करीत तुमच्या डोळ्यात शिरतो. वक्रीभवनाच्या नियमाने पाण्यातला कोन काढा. ६० अंशांची ज्या ०.८६६, तिला १.३३ ने भागले की सुमारे ०.६५ येते, म्हणजे पाण्यात तो किरण लंबाशी सुमारे ४०.५ अंशांचा कोन करतो. यावरून किरण पाण्याबाहेर पडला ती जागा माशाच्या डोक्यावरच्या बिंदूपासून सुमारे ५१ सें.मी. अलीकडे येते. आता तुमच्या नजरेच्या रेषेत एक भाला सरळ फेकला असे समजा. त्या ५१ सें.मी. अंतरात तो किती खाली उतरेल? जेमतेम ३० सें.मी. मासा आहे ६० सें.मी. खोल. म्हणजे भाला माशाच्या डोक्यावरून सुमारे ३० सें.मी. अंतराने, एका फूटपट्टीएवढ्या उंचीवरून निघून जाईल आणि माशाला त्याची खबरही लागणार नाही.

कागदावर आकृती काढून हे आकडे पडताळून पाहा. नजर जसजशी अधिक तिरपी होते, तसतशी ही चूक वाढत जाते. म्हणूनच अंदाज बांधणे कठीण असते. ‘नेहमी पाऊणपट धरा’ असा एकच नियम येथे चालत नाही. प्रत्येक अंतराला, प्रत्येक खोलीला वेगळी दुरुस्ती लागते. माझ्या मित्राला ज्या, कोज्या येत नाहीत, दहावीला आल्या असतील तर केव्हाच विसरल्या. पण उथळ पाण्यात रोहू दिसला आणि त्याने हाताने फेकायचे जाळे टाकले, की जाळ्याचा मध्य जिथे पडतो ती जागा पाहून मी मनातल्या मनात आकृती काढतो. ती बहुधा जुळते.

हे ज्ञान माणसाखेरीज दुसऱ्यालाही आहे. तलावाच्या काठी बगळा उभा असतो, तो हाच प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा सोडवतो. इस्रायलमधील गॅडी कात्झिर आणि नाथन इंट्रेटर यांनी समुद्री बगळ्याचा अभ्यास करून १९८७ साली तो प्रसिद्ध केला. चोच मारण्याआधी बगळा मान अशा ठिकाणी आणतो, की त्या क्षणी माशाची खरी खोली आणि भासणारी खोली यांच्यात ठरावीक नाते राहते, असे त्यांना आढळले. तुम्हीही कधी बगळ्याकडे नीट पाहा. चोच मारण्याआधी तो मान तिरकी करतो, थोडा पुढे झुकतो, थांबतो. ध्यान लावले आहे असे आपण म्हणतो. मला विचाराल तर तो गणित करीत असतो.

पातळ पाण्याचे तलाव

आता हे तलाव कसे आहेत ते सांगितले पाहिजे, कारण ही सारी विद्या उथळ पाण्याची आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हा मामा कोणाचा नातेवाईक नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ती आद्याक्षरे. गोंड राजांच्या काळात मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी भातशेतीसाठी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. भंडाऱ्यातून वेगळा काढलेला गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ चा. तलाव या सगळ्याहून थोरले आहेत.

या तलावांची रचना मोठी साधी. हलक्या उताराच्या जमिनीवर खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची. पाणी पाळीशी सर्वांत खोल आणि वरच्या अंगाला पातळ होत होत शेतात मिळून जाते. जमिनीला २०० मीटरला १ मीटर उतार असेल, तर शेवटचे १ मीटर खोलीचे पाणी २०० मीटर रुंद पट्ट्यात पसरलेले असते. तेथे ऊन तळापर्यंत पोचते, पाणवनस्पती वाढतात, कमळे फुलतात आणि मासे चरायला, अंडी घालायला येतात. मोठी नाव या पट्ट्यात चालणार नाही. तिथे डोंगा हवा.

डोंगा म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली अरुंद होडी. आता कित्येक गावी त्याची जागा टायरच्या ट्यूबने किंवा थर्माकोलच्या तराफ्याने घेतली आहे, पण माझ्या मित्राचा डोंगा अजून टिकून आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून तो ४ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि सपाट बुडाचा आहे असे धरू. डोंग्याचे वजन १२० किलो, आम्ही दोघे मिळून १२० किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे डोंग्याने २४० किलो, म्हणजे २४० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. डोंग्याच्या बुडाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर. म्हणून तो १२ सें.मी. बुडेल. केवळ १२! पाऊल बुडेल एवढ्या पाण्यावरून दोन माणसे तरंगत जातात. परतताना २० किलो मासे असले तर डोंगा आणखी १ सें.मी. खाली जातो. मित्र डोंग्याच्या बाहेरच्या अंगावरची ओली रेघ पाहून किती माल मिळाला ते सांगतो. तराजू त्याच्यापुरता पाण्यातच आहे.

हा झाला फायदा. तोटा असा, की डोंगा भारी चंचल. त्यात पाय ठेवताच शहरी पाहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. होडी तिरकी झाली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचे वर उचलणारे बल कलत्या बाजूला सरकते. ते बल होडीला पुन्हा सरळ करू पाहते, पण माणसांसकट होडीचा गुरुत्वमध्य एका विशिष्ट उंचीच्या खाली असेल तरच. आपल्या मापाच्या डोंग्यासाठी ती उंची बुडापासून सुमारे २३ सें.मी. येते. दोघेही बुडाशी मांडी घालून बसले तर एकूण गुरुत्वमध्य २२-२३ सें.मी.वर, म्हणजे अगदी काठावर पास. एक जण उभा राहिला की तो ४० सें.मी.वर जातो आणि होडी आपण होऊन सरळ होण्याचे नाव घेत नाही. येथे रुंदीचा प्रभाव फार मोठा आहे, कारण सरळ करणारा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५० सें.मी.ऐवजी ६० सें.मी. रुंद डोंगा घेतला तर तो परिणाम १.२ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे १.७ पट होतो.

ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांनी सीलच्या शिकारीसाठी कायाक नावाची होडी बनवली. तीही अशीच अरुंद. म्हणून तिच्यात माणूस पाय लांब करून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. हल्ली जगभर हौशी लोक प्लॅस्टिकच्या कायाकमधून उष्ण प्रदेशातल्या उथळ खाड्यांत मासे पकडायला जातात. बर्फाच्या समुद्रातली आणि आपल्या भातखाचरांशेजारची होडी एकाच नियमाने बसायला शिकवते.

मग माझा मित्र उभा राहून जाळे कसे फेकतो? त्याच्या हातात लांब बांबू असतो. पाणी उथळ असल्यामुळे बांबू तळाला टेकतो आणि डोंग्याला जणू जमिनीवर पाय फुटतो. जाळे फेकायच्या वेळी बांबू सुटतो. तेवढे क्षण गुडघे आणि कंबर यांच्या अखंड बारीक हालचालींनी तो तोल धरतो; सायकलवर आपण धरतो तसाच. जाळे पुढे गेले की डोंगा मागे सरकतो, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने. ४ किलोचे जाळे सेकंदाला ६ मीटर वेगाने गेले, तर २४० किलोचा डोंगा सेकंदाला १० सें.मी. वेगाने मागे जाईल. म्हणजे जाळे फेकताना पायाखालची जमीनही हलत असते!

माशाची खिडकी

आतापर्यंत आपण वरून पाहिले. आता पाण्यात उतरून माशाच्या डोळ्याने वर पाहू.

हवेतून येणारा किरण पाण्यात शिरताना लंबाकडे झुकतो. अगदी क्षितिजावरून, पाण्याला घासून येणारा किरणसुद्धा पाण्यात लंबाशी ४८.६ अंशांहून अधिक कोन करू शकत नाही. या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात. याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. माशाला बाहेरचे सारे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचे, आपल्या डोक्यावरच्या एका गोल खिडकीत कोंबलेले दिसते. खिडकीचा व्यास खोलीच्या सुमारे सव्वादोन पट. मासा ६० सें.मी.वर असेल तर खिडकी १ मीटर ३६ सें.मी. व्यासाची. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे त्यात तलावाचा तळच उलटा दिसतो. पोहण्याच्या तलावात चष्मा लावून पाण्याखालून वर पाहिले तर ही खिडकी तुम्हालाही दिसेल. पाणी मात्र संथ हवे आणि सोबत पोहणारा मोठा माणूस हवा.

क्षितिजाजवळचे जग या खिडकीच्या कडेला अगदी चेपून बसलेले असते. आपल्याला कामाची गोष्ट हीच आहे. खिडकीच्या कडेपासून ५ मीटरवर १.७ मीटर उंचीचा माणूस उभा असेल, तर हवेतून पाहणाऱ्याला तो सुमारे १९ अंश उंच दिसतो. माशाला मात्र तो सुमारे ३.४ अंशांत मावलेला दिसतो. तोच माणूस ७५ सें.मी. उंचीचा होऊन बसला, तर माशाच्या दृष्टीने उरतो केवळ ०.७ अंश. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्धा अंश दिसतो, त्याच्याहून थोडा मोठा. उभ्याचा बसका झाल्याने माणसाची उंची निम्म्याहून थोडी कमी झाली, पण माशाच्या डोळ्यात तो जवळजवळ पाचपट लहान झाला. शिवाय इतक्या तिरप्या किरणांपैकी बराच प्रकाश पाण्यात न शिरता पृष्ठभागावरूनच परत जातो, त्यामुळे हे चिमुकले चित्र अंधुकही होते. माझा मित्र मासा दिसताच खाली का बसतो, हे मला कित्येक वर्षे केवळ सवयीचे वाटत होते. हिशेब केल्यावर कळले, की बसणे म्हणजे खिडकीच्या चौकटीआड लपणे.

त्याची आणखी एक सवय सांगतो. उन्हाळ्यात पाण्यावरून आकाशाची चकाकी डोळ्यांवर येते आणि आतले काही दिसत नाही. परदेशातले हौशी मासेमार यावर ध्रुवक काचांचा चष्मा वापरतात. पाण्यावरून लंबाशी सुमारे ५३ अंशांत परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. त्याची कंपने आडवी असतात आणि उभ्या अक्षाची ध्रुवक काच ती अडवते. माझा मित्र डोंगा अशा जागी नेतो, की समोरच्या पाण्यात पाळीवरच्या दाट झाडांचे गडद प्रतिबिंब पडलेले असेल. गडद प्रतिबिंबाकडून चकाकी येतच नाही, म्हणून त्या काळ्या पट्ट्यातून तळ स्वच्छ दिसतो. चष्म्याची किंमत वाचली.

आवाजाचे काय? लहानपणी ‘गळ टाकलाय, बोलू नका’ असा दम आपण सर्वांनीच खाल्लेला असतो. डोंग्यात मी तोंड मिटून बसलो, तेव्हा मित्र म्हणाला, “बोल ना खुशाल. मासोरीले तुहं भाषन आयकू येत नाही. डबा मातर आपटू नोको.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. हवेतला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो, बाकीचा परत फिरतो. पण जेवणाचा डबा डोंग्याच्या बुडावर आपटला, तर कंपने लाकडातून थेट पाण्यात जातात आणि सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने पसरतात. माशाला आतला कान असतोच, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिने त्याला जवळपासच्या पाण्याची बारीकशी हालचालही कळते. म्हणून डोंग्यात डब्याखाली गोणपाट असते आणि आमच्या गप्पा चालू राहतात.

गळाच्या बाबतीत मात्र परदेशी हौशी मंडळींकडून शिकण्यासारखी एक गंमत आहे. त्यांच्या एका पद्धतीत गळाला पिसे-दोरे बांधून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी, की फेकली तर चार हातही जाणार नाही. म्हणून ते माशी फेकत नाहीत, जड दोरीच फेकतात. काठीच्या झटक्याने दोरीत वळसा तयार होतो. वळसा पुढे धावतो तसा दोरीचा हलता भाग आखूड होत जातो, आणि तीच ऊर्जा कमी कमी वस्तुमानात साठल्यामुळे टोकाचा वेग टिकतो, वाढतोही. बैलगाडीवाल्याच्या आसुडात हेच घडते. आसुडाचे टोक ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाते, तेव्हा तो कडाड असा आवाज होतो. मित्राला मी हे समजावून सांगितले. त्याने बांबूच्या काठीने गांडुळाचा गळ गवताच्या कडेला अलगद सोडला आणि म्हणाला, तुझी माशी गांडुळाहून स्वस्त पडते का ते आधी सांग.

एका श्रावणात आम्ही याच कडेने जात होतो. पाण्यावर हातभर रुंदीचा नारिंगी-तांबडा डाग थरथरत होता. जवळ गेल्यावर दिसले, की ती मरळ माशाची शेकडो इवली पिल्ले होती. मरळ माशाला पाण्यातल्या प्राणवायूवर भागत नाही. त्याला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. पिल्लेही थोडी मोठी झाली की झुंडीने वर येतात, आणि त्यांच्या खाली त्यांचे जन्मदाते राखण करीत असतात. पिल्लांच्या झुंडीत काहीही पडले तरी राखणारा मासा त्याच्यावर झेपावतो. म्हणजे या वेळी त्याला गळाला लावणे सर्वांत सोपे. बाजारात मरळाला भावही चांगला. मित्राने काठी उचललीसुद्धा नाही. “लेकरं सांगाती हायेत तिच्या,” एवढेच बोलून त्याने बांबू रोवला आणि डोंगा मागे घेतला. राखण करणारा मासा गेला की झुंड इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जाते. पुढच्या वर्षीचा मरळ तिथेच संपतो.

पण ही झुंड दिसली कशी? पाणी स्वच्छ होते म्हणून. आतापर्यंत सांगितलेली सगळी विद्या, खोलीची दुरुस्ती, खिडकी, गडद प्रतिबिंब, ही निवळ पाण्यावर उभी आहे. आणि तिथेच सध्या अडचण आहे. कित्येक मामा तलावांत गाळ भरला आहे, उथळ कडांवर बेशरमची झुडपे माजली आहेत आणि पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या आहेत.

वनस्पती आणि निवळ पाणी यांचा संबंध कणांच्या वेगाशी आहे. चिकणमातीचा २ मायक्रॉन व्यासाचा कण संथ पाण्यात १ मीटर खाली बसायला तीन दिवसांहून अधिक वेळ घेतो. तेवढे दिवस पाणी निवांत राहिले पाहिजे. तळापासून वर आलेल्या वनस्पती वाऱ्याच्या लाटा मोडतात, मुळांनी गाळ धरून ठेवतात आणि कणांना खाली बसायला सवड देतात. त्या गेल्या की रोज दुपारचा वारा गाळ पुन्हा उठवतो. पाणी गढूळ झाले की तळाला ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणून वनस्पती पुन्हा उगवत नाहीत. हे चक्र आपण होऊन तुटत नाही, कोणी तरी ते तोडावे लागते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था धीवरांच्या सहकारी संस्थांना बरोबर घेऊन हेच काम करीत आली आहे: बेशरम उपटायचे आणि देशी पाणवनस्पती तलावात पुन्हा लावायच्या. कोणती वनस्पती कुठे लावायची, कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, हे धीवरांना माहीत होते.

पाणी किती निवळ आहे हे मोजण्याचे साधन तुम्ही अर्ध्या तासात बनवू शकता. २० सें.मी. व्यासाचे पत्र्याचे झाकण घ्या, त्याचे चार सारखे भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्यभागी भोक पाडून खाली दगड बांधा आणि वर दर १० सें.मी.ला गाठ मारलेली दोरी लावा. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात तबकडी सोडून पाहिली होती, म्हणून तिला सेक्कीची तबकडी म्हणतात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पुन्हा वर ओढताना ती जिथे दिसू लागते तिथेही मोजायचे आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. शाळेजवळ तलाव असेल तर महिन्यातून एकदा, एकाच जागी, शिक्षकांबरोबर हे करा. आकडे तारखेसह वहीत उतरवा. वर्षभरात तलावाचा एक आलेख तयार होईल, आणि असा आलेख फार थोड्या तलावांचा आहे.

गेल्या हिवाळ्यात ही तबकडी घेऊन मी मित्राच्या तलावावर गेलो. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसला. धीवरांचे माप असे, की पाण्यात उभे राहून आत आत चालत जायचे. आपल्या पायाची नखे जिथे दिसेनाशी होतात तेवढे पाणी निवळ. त्याच्या वडिलांच्या वेळी हिवाळ्यात छातीएवढ्या पाण्यात नखे दिसत. तो काठावरून चालू लागला, मी डोंग्यातून तबकडी सोडली. मांडीच्या थोडे वर पाणी आले तेव्हा तो थांबला आणि त्याने हात वर केला. माझ्या दोरीची सातवी गाठ नुकतीच पाण्याखाली गेली होती.